योगेशसेठचं पहिलं वर्ष

योगेश मारुती इंगळे इंजिनिअरिंगला लागला, ही बातमी गोडादऱ्यातल्या त्यांच्या गल्लीत कुणी मुद्दाम पसरवली नाही. त्याच्या बापाने ती फक्त बायकोच्या कानात सांगितली. पण मारुती इंगळे मिसरूड फुटायच्या वयात मलकापूरकडून सुरतेला आला तो थेट लूमच्या खात्यात, म्हणजे कापड विणायच्या कारखान्यात शिरला, आणि खात्याच्या खडखडाटात जन्म काढलेल्या माणसाला हळू बोलणं म्हणजे काय हे ठाऊक नसतं. त्याने कानात सांगितलेलं गल्लीच्या टोकाच्या पाणीपुरीवाल्यालाही ऐकू गेलं. लगोलग चौकात फ्लेक्स लागला. त्यावर योगेशचा कुणाच्या तरी लग्नातला फोटो, खाली 'भावी इंजिनिअर' अशी अक्षरं, आणि त्याच्याही खाली शुभेच्छा देणाऱ्यांचे त्याच्याहून मोठे फोटो होते.

फ्लेक्स लागला आणि पोरगा बिघडला, असं म्हणायला हरकत नाही. तोवर तो साधा, भित्रा आणि बऱ्यापैकी अभ्यासू मुलगा होता. फ्लेक्सनंतर तो चौकातून जाताना स्वतःच्या फोटोकडे न बघितल्यासारखं करून बघायला लागला. शेजारची रुपाली बंद पडलेला मिक्सर घेऊन आली, तेव्हा "मी कॉम्प्युटरचा आहे," असं त्याने तिला तोऱ्यात सांगितलं. कॉम्प्युटर त्याने शाळेत पाहिला होता, पण कुलूप लावलेल्या खोलीच्या खिडकीतून.

कॉलेज सुरतेबाहेर, सचिन गावाच्या बाजूला होतं. खाजगी, बाहेरून काचेचं आणि आतून पत्र्याचं. पहिल्याच आठवड्यात त्याला कळलं, की इंजिनिअर होणं फ्लेक्सवरच सोपं असतं. त्याची आठवीपर्यंतची शाळा महापालिकेची मराठी, पुढची गुजराती, आणि इथे सगळा कारभार इंग्रजीत. गणिताचे सर फळ्याशी बोलायचे, प्रोग्रामिंगचे सर लॅपटॉपशी आणि फिजिक्सचे सर फोनवर बायकोशी. योगेश इमानदारीने तिघांचंही उतरवून घ्यायचा. मग बसमध्ये वही उघडून तो आपल्याच अक्षराकडे परक्याच्या पत्राकडे बघावं तसा बघत बसायचा.

हे एक वेळ पाठ करून निभावलं असतं. निभेना ते ड्रॉइंग. पाटाएवढ्या मोठ्या, जाड कागदावर शंकू, नळकांडी, खाचा पाडलेले लोखंडी ठोकळे काढायचे. समोरून कसे दिसतात, वरून कसे दिसतात, कापले तर कसे दिसतील. अशा शीट्स वर्षभर काढायच्या आणि शेवटी सगळ्या जमा करायच्या. त्या मंजूर झाल्या नाहीत तर परीक्षेला बसू देत नाहीत, म्हणजे वर्ष गेलं. योगेशची रेघ निघायची एकीकडे आणि पोचायची भलतीकडे. त्याची पहिलीच शीट उज्ज्वला मॅडमनी लाल पेनाने या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत कापली. मॅडम अडाजणला राहणाऱ्या, नवरा बँकेत, बोलणं पुण्याच्या रेडिओसारखं स्वच्छ. आपल्या भाषेच्या आहेत, थोडं सांभाळून घेतील, असं योगेशला वाटत होतं. मॅडमनी शीट उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाल्या, "इंगळे, हा शंकू आहे की भजं?"

त्या दिवसापासून वर्ष जाण्याची भीती त्याच्याकडे मुक्कामाला राहिली. वर्ष गेलं तर फ्लेक्सचं काय करायचं? आणि फ्लेक्स एक वेळ पावसात फाटेल, बापाचं काय करायचं? पोरगा नापास झाल्याचंही तो बायकोला कानातच सांगणार होता.

असल्या बुडत्यांसाठी होस्टेलच्या पोरांकडे एक जुनी विद्या असते. काच घ्यायची, खाली बल्ब लावायचा, काचेवर पास झालेल्या पोराची शीट, तिच्यावर आपला कोरा कागद, आणि खालून दिसेल ते मुकाट गिरवायचं. योगेशने एका सिनिअरची शीट मिळवली. घरातल्या शोकेसची काच काढून दोन डब्यांवर ठेवली आणि जमिनीवर मांडी ठोकली. शेजारी त्याची आई तारा साडीवर खडे चिकटवत बसली होती. त्या गल्लीत कापड मार्केटमधून साड्यांचे गठ्ठे यायचे, बायका घरी बसून त्यावर खडे आणि टिकल्या चिकटवायच्या, गठ्ठे परत जायचे, आणि साडीमागे चार पैसे हातावर पडायचे. ताराने जन्मभर तेच केलं होतं. पोराची पेन्सिल खालच्या रेघेवरूनही घसरते आहे, हे तिने थोडा वेळ पाहिलं.

"हात काहून थरथरते तुहा?" ती म्हणाली. "सरक तिकडं. मले दे."

तिला त्या शीटमधलं ओ की ठो कळत नव्हतं. शंकू तिला भाताच्या मुदीसारखा वाटला आणि ठोकळा मोडक्या पाटासारखा. पण गिरवायला कळावं कशाला लागतं? तिने साडीसारखी शीट पुढ्यात ओढली आणि स्वयंपाकाआधी हातावेगळी केली. मॅडमनी ती पाहिली, योगेशकडे पाहिलं, पुन्हा शीट पाहिली आणि कोपऱ्यात 'गुड' लिहिलं.

गोष्ट इथे थांबली असती तर एका आईने एका ढ पोराला तारलं, एवढंच झालं असतं. पण ही सुरत आहे. इथे आलेलं काम कुणी स्वतः करत बसत नाही. पहिला ते दुसऱ्याला देतो, दुसरा तिसऱ्याला, आणि जो अखेरीस करतो तो सोडून बाकी सगळे गाडी घेतात. योगेशच्या बाकावर हेनिल नावाचा मुलगा बसायचा. कतारगामचा, घरचा हिऱ्यांचा कारखाना. त्याने आयुष्यात पेन्सिलीला टोक स्वतः काढलं नव्हतं. त्याने 'गुड' पाहिलं आणि हळूच विचारलं, "किससे बनवाया, भाई?"

योगेशला 'आईने काढली' असं म्हणता आलं असतं. दोन शब्दांचं काम होतं. पण हेनिलच्या मनगटावरचं घड्याळ त्याच्या नजरेसमोर होतं. तो बाकावर जरा मागे रेलला.

"अपने कारीगर हैं," तो म्हणाला. "गोडादरा में."

अशा रीतीने तारा इंगळे एका वाक्यात आईची कारीगर झाली, आणि तिला त्याची खबरही नव्हती.

आधी हेनिलच्या शीट्स आल्या, मग त्याच्या मित्रांच्या, मग मित्रांच्या मित्रांच्या. तारा एकटी पुरेना, तेव्हा योगेशने रुपालीला सांगितलं आणि समोरच्या घरातल्या सुभद्राबाईंना सांगितलं. घरोघरच्या शोकेसच्या काचा निघाल्या. पोरं शीटमागे पैसे मोजायची, आणि आपला वाटा ठेवून योगेश उरलेले बायकांच्या हातावर ठेवायचा. बायकांनाही काम बरं वाटलं. गोंदाचा वास नाही, डोळ्यांत चमकी जात नाही. त्यांनी शीट्सना आपापली नावं देऊन टाकली. एक मुदवाली, एक जिनेवाली, एक भोकवाली. "जिनेवाली मले देऊ नको, तिच्यात पायऱ्या लई हायेत," असं सुभद्राबाई म्हणायच्या, आणि योगेश मोठ्या मनाने त्यांना भोकवाली द्यायचा. भावी इंजिनिअरांचा वर्गच्या वर्ग गोडादऱ्याच्या ओट्यांवर तयार होत होता, आणि वर्गातली पोरं तोवर कॅन्टीनमध्ये लोचो खात होती.

अधिकार आला की माणसाची मान आधी बदलते. योगेश आता कॉलेजातून आला की चपला काढायच्या आधी विचारायचा, "माल झाला का?" मग तो घरातल्या एकुलत्या खुर्चीवर बसायचा आणि शीट्स एकेक करून उजेडात धरायचा. ज्याला स्वतःला सरळ रेघ मारता येत नव्हती, तो आता दुसऱ्यांच्या रेघांना नाकं मुरडू लागला. पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही म्हणतात. हा काठावर बसून पट्टीचा पोहणारा झाला होता.

एकदा रुपालीच्या शीटवर हळदीचं बोट निघालं. योगेशने तिचे पैसे कापले. कसे कापायचे हे त्याला शिकवावं लागलं नाही. मार्केटचा माणूस साड्यांवरच्या डागापायी आईचे पैसे कापताना तो लहानपणापासून बघत आला होता. तेव्हा त्याला त्या माणसाचा राग यायचा. आता त्याला त्या माणसाची अडचण कळायला लागली. पुढच्या खेपेला सुभद्राबाईंचे कापले. खरं तर तो डाग हेनिलच्या चटणीचा होता. कोरा कागदच डाग घेऊन गोडादऱ्याला आला होता. पण गिऱ्हाइकाला डाग दाखवायचा नसतो, हे धंद्याचं पहिलं शास्त्र योगेशने कुणी न शिकवता आत्मसात केलं होतं.

मग एक दिवस ताराच्या शीटवर तेलाचा थेंब दिसला. रुपाली आणि सुभद्राबाई दोघी समोर होत्या. योगेश क्षणभर घुटमळला. मग घसा खाकरून म्हणाला, "धंद्यात आई-बिई काही नसतं. नियम सगळ्यांना सारखा." आणि आईचेही कापले.  ताराने उठून चहाचं आधण ठेवलं. मारुती मात्र ती हकिगत खात्यात सगळ्यांना ऐकवत सुटला. पोरगं पहिल्याच वर्षी माणसं कामाला लावतं, असं तो लूमच्या वरताण आवाजात सांगायचा. डागी कापडापायी त्याचा स्वतःचा पगार कापला जायचा, पण ती गोष्ट वेगळी.

आईचे पैसे कापले त्याच दिवशी ओट्यावर बायकांची बैठक झाली. सुभद्राबाई म्हणाल्या, साडीले करतो तसंच याले करा. साड्यांचं असं होतं, की गठ्ठ्यात सगळ्यांच्या साड्या एकत्र जायच्या आणि डाग कुणाचा यावर भांडणं व्हायची. म्हणून प्रत्येक बाई आपल्या साडीच्या आतल्या कोपऱ्याला आपल्या रंगाच्या दोऱ्याची बारीक गाठ मारायची. गाठ दाखवली की तोंड बंद. कागदाला गाठ मारता येत नाही, म्हणून त्यांनी पेन्सिल घेतली. सुभद्राबाईंनी तीन टिंबं धरली, रुपालीने एक पान, ताराने चांदणी. शीटच्या खालच्या कोपऱ्यात, नखाएवढी. त्यांच्या दृष्टीने तो चोख व्यवहार होता. योगेशच्या नजरेला त्या खुणा कधी पडल्या नाहीत, कारण तो शीटवर डाग सोडून काही बघतच नव्हता.

शीट्स जमा करायचा दिवस आला. सगळा वर्ग ड्रॉइंग हॉलमध्ये उभा होता, आणि उज्ज्वला मॅडम गठ्ठा पुढ्यात घेऊन बसल्या होत्या. कधी नव्हे इतक्या सुरेख शीट्स पाहून त्या आधी खूश झाल्या, मग त्यांनी चष्मा पुसला.

"हे काय आहे?" त्यांनी हेनिलला कोपऱ्यातली तीन टिंबं दाखवली.

हेनिलने ती जन्मात पहिल्यांदा पाहिली. पण श्रीमंताच्या पोराला उत्तर नाही असं कधी होत नाही. "मॅम, प्रोजेक्शन का सिम्बॉल है," तो म्हणाला.

अशी एक खूण शीटवर खरोखरच काढायची असते. वस्तू कोणत्या पद्धतीने पाहिली ते तिच्यावरून कळतं. मॅडमनी दुसऱ्याची शीट उचलली. तिच्यावर पान. "आणि ही?" तो पोरगा हेनिलकडे बघत म्हणाला, हा दुसरा प्रकार आहे. तिसऱ्याच्या शीटवर चांदणी. मॅडम म्हणाल्या, इतकी वर्षं मी शिकवते आहे, मला असल्या प्रकारच्या चांदण्या कुणी दाखवल्या नाहीत. मग त्यांनी शीट्स वेगवेगळ्या करायला घेतल्या. टिंबांचा एक ढीग, पानांचा एक, चांदण्यांचा एक. बिनखुणेच्या जुन्या शीट्स ज्याच्या त्याच्या ढिगात गेल्या. अख्खा वर्ग तीन ढिगांत मावला.

"तिघांनी मिळून सगळा वर्ग काढला आहे," मॅडम म्हणाल्या.

 योगेश आपल्या शीट्स कोणत्या ढिगात गेल्या ते शोधत होता. त्या कुठल्याच ढिगात नव्हत्या. मॅडमनी त्या बाजूला ठेवल्या होत्या, आणि आता त्या उचलून त्यांनी सगळ्यांना दाखवल्या. एकाही शीटवर खूण नव्हती.

"ह्या मुलाकडे बघा. सुरुवातीला याला शंकू येत नव्हता. पण मेहनत केली, स्वतः काढलं. टाळ्या वाजवा याच्यासाठी."

सगळ्या वर्गाने टाळ्या वाजवल्या. दुसरा कुणी असता तर जमिनीने पोटात घ्यावं असं त्याला झालं असतं. योगेशला मात्र, कबूल करायला हवं, क्षणभर बरं वाटलं. फ्लेक्सवर चढलेला माणूस इतक्या सहजासहजी उतरत नाही. हेनिल सगळ्यांत सावकाश आणि सगळ्यांत शेवटपर्यंत टाळ्या वाजवत होता.

"ये, पुढे ये," मॅडम म्हणाल्या. "हा कापलेला शंकू कसा काढलास ते या सगळ्यांना करून दाखव."

त्यांनी कोरी शीट लावली आणि पेन्सिल त्याच्या हातात दिली. योगेशने मधोमध एक रेघ मारली. तिच्याकडे पाहिलं. मग तिच्या शेजारी दुसरी मारली, पहिलीला सोबत म्हणून. त्यापुढे शंकूचं काय करायचं ते त्याला देवाशप्पथ ठाऊक नव्हतं. मॅडम वाट बघत होत्या.

"मॅम, आज उसके कारीगर नहीं आए," मागून हेनिल म्हणाला, आणि वर्ग फिसकन हसला.

मॅडमना सगळं कळायला वेळ लागला नाही. त्यांनी योगेशला जवळ बोलावलं आणि मराठीत विचारलं, "कोण आहेत हे कारीगर?"

"बाहेरच्या बायका आहेत, मॅडम," योगेश म्हणाला. "जॉबवर्कवाल्या. पैसे घेऊन करतात."

"मग तुझ्याच शीट्सवर खूण का नाही?"

हे मात्र त्यालाही माहीत नव्हतं. मॅडमनी सगळ्या शीट्स रद्द केल्या. टर्म संपायच्या आत प्रत्येकाने हॉलमध्ये, त्यांच्या डोळ्यांदेखत, नव्याने काढायच्या. नाहीतर परीक्षा नाही. टर्मचं इथेच सांगून टाकलेलं बरं. योगेशने त्या काढल्या. खोडून खोडून कागदाला भोकं पाडली, हेनिल आणि मंडळींच्या शिव्या खाल्ल्या, आणि काठावर का होईना, त्याचं वर्ष वाचलं. मारुतीला कानात सांगायला काही नवीन मिळालं नाही.

पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी दुपारी तो तणतणत गल्लीत शिरला, तेव्हा बायका ओट्यावर बसल्या होत्या.

"निशाणी करायला कुणी सांगितलं होतं तुम्हाला?" तो ओरडला. बापाचा आवाज त्याला ऐन वेळी लाभला होता.

"तूच," सुभद्राबाई खडा चिकटवत म्हणाल्या. "डाग पाडे कोनी अन् पैसे कापे कोनाचे. निशाणी नाई केली तं थो माल आमचा नोहे हे आमी सांगाव कसं? थो मार्केटवाला परवडला बाप्पा. थो निदान आमच्या हातचं जेवून आमचे पैसे नाई कापत."

रुपाली तोंडाला पदर लावून हसली. योगेश घरात गेला. तारा भाकरी थापत होती. त्याने दप्तर कोपऱ्यात टाकलं आणि तो दाराला टेकून उभा राहिला. राग उतरत गेला तशी त्याला लाज वाटायला लागली, आणि लाजेची सवय नसल्यामुळे ती कुठे ठेवावी हे त्याला कळेना.

"आई, माझ्या शीटवर नाही केलीस तू खूण," तो शेवटी म्हणाला.

"तुह्यावर कायले करू?" तारा तव्याकडे बघत म्हणाली. "निशाणी सेठच्या मालाले करतेत, थो मांगून नावं ठेवते म्हणून. घरच्या कामाले कोनी निशाणी करते का?"

योगेश खाली बसला. सांगायचं नव्हतं ते त्याच्या तोंडून निघून गेलं.

"मी मॅडमला सांगितलं, की बाहेरच्या बायका आहेत म्हणून."

ताराने भाकरी उलटली. ती फुगली, तशी तिने फडक्याने कडा दाबल्या. पोरगा वाट बघत राहिला, कारण आई चिडेल, दोन शब्द टाकून बोलेल, मग डोळे पुसेल आणि मग सगळं मिटेल, असं त्याने धरलं होतं. आजवर तसंच होत आलं होतं.

"बरोबर सांगतलं," ती म्हणाली. "पैसे कापले ना त्या दिवशी, तवापासून मी बाहेरचीच हाये."

तिने भाकरी टोपलीत टाकली, ताट घेतलं, पुसलं आणि त्याच्यापुढे मांडलं. पाण्याचा तांब्या शेजारी ठेवला.

"हात धुऊन घ्या, सेठ," ती म्हणाली. "वाढते तुमाले."

तो जन्मल्यापासून तिने त्याला अरे-तुरेच केलं होतं. योगेशने वर तिच्या तोंडाकडे पाहिलं. ती हसत नव्हती.